माझ्याच अक्षरात

१ ऑक्टोबर

नवी वही. पहिल्या पानावर अक्षर मोत्यासारखं आणि चौथ्यापासून कोंबडीचे पाय, असं आई माझ्याबद्दल म्हणायची. बघू या किती पानं टिकतंय.

आज सकाळी अकराला या घरी आले. बाई स्वतः मला दवाखान्यात घ्यायला आल्या होत्या. साठीच्या असतील, उंच, केस घट्ट बांधलेले, आणि हात एवढे स्वच्छ की मला माझे मागे लपवावेसे वाटले. त्यांचं कवळ्या बनवायचं काम आहे. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन इथे पाठवतात, त्या मापात प्लास्टर ओतून साचा करायचा, साच्यावर मेणाची हिरडी, हिरडीत दात. खाली कामाची खोली, वर राहायचं. मला वरची रस्त्याकडची खोली दिली आहे. पलंग, टेबल, खिडकीत एक कुंडी. खिडकीतून समोरचं औषधाचं दुकान दिसतं, म्हणजे माझ्यासारखीला सोयच.

पगार, जेवण, राहणं, सगळं बाईंकडे. माझं काम साचे ओतणं आणि त्यांवर लेबल लावणं. बर्नर त्या स्वतः सांभाळणार. मला फिट येते हे त्यांना ठाऊक आहे आणि त्यांनी त्याचा बाऊ केला नाही, हे मला फार आवडलं. मी दातांकडे बघून हसले तर म्हणाल्या, हसतील त्यांचे दात दिसतील, आणि या गावात तरी ते बहुतेक आपणच केलेले असतील.

वही लिहायची ती दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. त्यांनी मला नीट समजावलं. अपस्मार म्हणजे नुसतं पडणं नव्हे. माझं आजचं आज लक्षात राहतं, उद्याही राहील. पण तीन-चार आठवड्यांनी ते निसटतं, आणि मोठ्या फिटा लागोपाठ आल्या तर मागचा बराच भाग एकदम जातो. या वेळी तसंच झालं. दादाचं लग्न मला आठवतं, आईचं आजारपण आठवतं, आई गेली तो दिवस अर्धामुर्धा. त्यानंतरची वर्षं जुन्या कापडासारखी विरली आहेत. ती सगळी मी दादाकडे काढली, असं बाईंनी सांगितलं. त्यांचं आणि दादाचं बोलणं होतं. दादा थकलाय, म्हणाल्या, आता थोडे दिवस त्याला मोकळं राहू दे. बरोबरच आहे. किती वर्षं माणसाने बहिणीला उचलायचं.

डॉक्टरांनी दोन नोव्हेंबरला परत बोलावलंय. वही घेऊन या म्हणाले.

बाई मला ठमी म्हणतात. आई मला त्या नावाने हाक मारायची. मी गुंगीत सांगितलं असणार.

३ ऑक्टोबर

काम जमतंय. जमतंय म्हणजे काय, बाई बघतच राहतील असं जमतंय. प्लास्टर पाण्यात किती टाकायचं, ते किती ढवळायचं, मापात एका बाजूने हळूहळू कसं सोडायचं म्हणजे बुडबुडे राहत नाहीत, हे मला कुणी दाखवलं नाही. हातांनीच केलं. मी म्हटलं, मला हे कसं येतंय? बाई म्हणाल्या, काही जणींच्या हातात असतंच.

आज सोळा साचे ओतले. एक म्हातारे गृहस्थ, वरचे फक्त तीन दात. एक बाई, सुळे उंदरासारखे. लेबलवर दवाखान्याचा क्रमांक, तारीख, वर की खाली. मी क्रमांकातल्या सातला आडवी रेघ मारते, शाळेपासूनची खोड.

दुपारी समोरच्या दुकानात बाम आणायला गेले. दुकानदारकाका खूप मोकळे. बरं वाटतंय का आता, म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत माझा बाम काढून पुढे ठेवला. हिरव्या झाकणाचा, मला हवा तोच. बाईंनी आधीच सांगून ठेवलं असेल. बाईंचं सगळ्यावर लक्ष असतं.

९ ऑक्टोबर

काल संध्याकाळी फिट आली. पोटातून काहीतरी वर चढायला लागलं, आणि ते नेहमीचं वाटणं, की हे सगळं असंच आधी झालंय, हीच वाटी, हाच पंखा, हाच बाईंचा खोकला. मग काही नाही. जाग आली तेव्हा कुशीवर होते, डोक्याखाली उशी, जीभ चावलेली. बाईंनी घड्याळ लावून वेळ मोजली होती. दोन मिनिटं. आईसुद्धा इतकं नीट करत नसे.

गोळ्या न चुकता घेतेय, तरी आली. बाईच देतात, सकाळी दोन, रात्री दोन. पाकिटं फोडून त्या एका डब्यात ठेवतात, कारण मी एकदा घेऊन विसरून पुन्हा घेईन अशी त्यांना भीती वाटते. तेही बरोबरच आहे.

१७ ऑक्टोबर

आज मागच्या खोलीत गेले. जुने साचे तिथे खोक्यांत ठेवतात, पाच-सहा वर्षं ठेवावे लागतात, कुणाची कवळी मोडली तर. बाई सामान आणायला गेल्या होत्या आणि मला एक रिकामं खोकं हवं होतं.

शेकडो तोंडं. आ वासलेली, पांढरी. एकदम बघितलं की गर्दीत शिरल्यासारखं होतं. मी एक उचललं, लेबल वाचलं. क्रमांक, तारीख, खालचा जबडा. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

सातला आडवी रेघ.

दुसरं खोकं उघडलं. तेच अक्षर. तिसरं, तेच.

बाई आल्यावर विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या की आधी एक मुलगी होती, तिचं अक्षर असंच. सातला रेघ हजार जण मारतात. मग मला म्हणाल्या, त्या खोलीत धूळ आहे, जाऊ नकोस, धुळीने तुला त्रास होईल.

धुळीने फिट येते असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर

मागची पानं वाचली. एक तारखेचं पान वाचताना कुणा दुसरीचं वाचतेय असं वाटलं. दवाखान्यातून इथवर कशी आले, रिक्षा होती की गाडी, काहीच आठवत नाही. अठराच दिवस झालेत. डॉक्टर म्हणाले होते, तीन-चार आठवडे. माझ्यात त्याहून लवकर गळती आहे.

म्हणून आता रोज लिहिणार. आणि वही उशीच्या अभ्र्यात ठेवणार. का, ते मला नीट सांगता येत नाही.

२१ ऑक्टोबर

बाई दुपारी झोपतात. एक तास. मी पुन्हा गेले.

सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, एक चपटं खोकं. त्यात सहा साचे, वर-खाली दोन्ही जबडे तारेने बांधलेले. दवाखान्याचा क्रमांक नाही. लेबलवर नुसतं 'ठ' आणि तारीख. बाईंच्या अक्षरात.

पहिला सहा वर्षांपूर्वीचा. दात छान, सरळ, वरचा डावा सुळा थोडा वळलेला. मी जिभेने माझा सुळा चाचपला. वळलेला आहे.

दुसऱ्यात खालच्या एका दाढेचा कोपरा गेला होता. माझ्या दाढेचा कोपरा गेलेला आहे. तो लहानपणी पडून गेला, असं मी समजत होते. तिसऱ्यात पुढच्या दाताचा टवका. चौथ्यात तो टवका भरलेला. पाचव्यात दातांची टोकं झिजलेली, रात्री दातावर दात घासणाऱ्यांची झिजतात तशी. सहावा या वर्षीचा, एप्रिलचा.

मी आरसा आणला आणि जमिनीवर बसून एकेक दात ताडून बघितला. साचा बघायला मी शिकलेय, किंवा कधीतरी शिकले होते. माझी चूक होणार नाही. हे माझंच तोंड, सहा वेळा, आणि दर वेळी थोडं कमी.

म्हणजे मी इथे एक तारखेला आलेले नाही.

बाई जिन्यावर आल्या तेव्हा मी खाली ओट्याशी होते, हातात पाण्याची वाटी. थोडं पाणी ओट्यावर सांडलं. त्या म्हणाल्या, काय गं, चक्कर येतेय का. मी नाही म्हटलं.

२४ ऑक्टोबर

आज दादाला फोन केला. बाई दातांच्या दवाखान्यात माल पोचवायला गेल्या होत्या. नंबर मला तोंडपाठ आहे, जुनं काही जात नाही.

आधी त्याच्या मुलाने उचलला. केवढा मोठा आवाज. मग दादा आला. मी विचारलं, दादा, गेली सहा वर्षं मी तुझ्याकडे राहत होते ना?

 तो म्हणाला, "ठमे, तू माझ्याकडे एक दिवस राहिलेली नाहीस. आईनंतर तू बाईंकडेच आहेस. दर चार-सहा महिन्यांनी तू मला हाच फोन करतेस."

मी म्हटलं, मला इथून ने. तो म्हणाला की त्याच्याकडे तीन जिने आहेत, पोरं आहेत, वहिनी नोकरीला जाते, दिवसभर माझ्याजवळ बसणार कोण. बाई जीव लावतात, आपल्या माणसानेही केलं नसतं. आणि मग हळूच, जणू मला बरं वाटावं म्हणून, म्हणाला की काळजी करू नकोस, थोड्या दिवसांनी तुला यातलं काही आठवतही नाही, पुन्हा मजेत असतेस.

मी फोन ठेवला. त्याच्यावर राग आला नाही. तो सुटलाय असं त्याच्या आवाजात होतं, आणि सुटलेल्या माणसाला परत कोण ओढणार.

२६ ऑक्टोबर

फिट. सकाळी. आणखी एक दुपारी. सगळं अंग ठेचल्यासारखं.

२७ ऑक्टोबर

सहावा साचा पुन्हा आणला. एप्रिलचा. का आणला ते लिहिते म्हणजे विसरणार नाही. त्याचा तळ इतर साच्यांसारखा गुळगुळीत नव्हता. बोटाला लागलं. मी तो खिडकीशी तिरपा धरला.

प्लास्टर ओलं असताना कुणीतरी टाचणीने कोरलं होतं. चार शब्द.

गोळी पाण्यात टाकून बघ.

माझ्याच अक्षरात.

रात्रीच्या दोन गोळ्या बाईंनी हातावर ठेवल्या. मी तोंडात टाकून पाणी प्यायले आणि वर येऊन त्या गालातून काढल्या. ग्लासात टाकल्या. एक पाच मिनिटांत फुगली, विरघळली, तळाशी पीठ झालं. दुसरी तशीच. आकार तोच, मधली रेघही तशीच. मी ती नखाने खरवडली. दातांखाली धरली. ही चव मला झोपेतही ओळखू येईल, दिवसभर माझ्या ओठांवर असते.

प्लास्टर आहे.

२८ ऑक्टोबर

सकाळच्या दोन्ही प्लास्टरच्या. दोन्ही.

बाईंच्या खणात रबराचा छोटा साचा सापडला. बारा खळगे, प्रत्येकात मधोमध रेघ. किती सुबक काम. मी तो आणि एक खोटी गोळी रुमालात बांधून पिशवीत टाकली.

समोर काकांकडे गेले. गोळी दाखवली, साचा दाखवला, सगळं सांगितलं, पायरीपायरीने, न रडता. खऱ्या गोळ्या द्या म्हटलं, दोन दिवसांच्या तरी. त्यांनी ऐकून घेतलं. मला खुर्ची दिली. मग इतक्या मायेने म्हणाले, की मला तिथेच कळलं आपण हरलो, म्हणाले, "ताई, फिट आली की तुमच्या मनात असं येतं. बाईंनी मला आधीच सांगून ठेवलंय. मागच्या वेळीही तुम्ही गोळीचंच म्हणाला होतात." साचा खेळण्याचा असेल, म्हणाले. चिठ्ठीशिवाय गोळी देता येत नाही. आणि मला हात धरून रस्ता ओलांडून दिला, थेट बाईंच्या दारापर्यंत.

या गल्लीत मला सगळे ओळखतात. सगळे माझी काळजी घेतात.

३० ऑक्टोबर

आज निघाले होते. डॉक्टरांकडे. दोन तारखेची वाट बघण्यात अर्थ नाही, दोन तारखेपर्यंत मी मी असेन की नाही—

दार उघडंच असतं. कधीच कुलूप नसतं. मी थांब्यापर्यंत पोचले. बस येताना दिसली, तिच्यावरचा आकडाही दिसला. मग पोटातून ते वर—

जाग आली ती या पलंगावर. काकांनी आणि फळवाल्याने उचलून आणलं. फळवाल्याने संत्री ठेवलीत उशाशी.

पिशवी नाही. विचारलं तर बाई म्हणाल्या, कुठली पिशवी.

३१ ऑक्टोबर

बाईंना सरळ विचारलं. त्या मेणाची हिरडी कोरत होत्या, हात थांबला नाही. नाही म्हणाल्या नाहीत. हो पण म्हणाल्या नाहीत.

म्हणाल्या की त्यांच्या हाताखाली आजवर सात मुली आल्या. शिकल्या, आणि दोन-तीन वर्षांत गेल्या, लग्न, दुसरी नोकरी, काहीतरी. एकीनेही साधं पत्र लिहिलं नाही. मग माझ्याकडे बघितलं. "तूही दर वेळी जायचं काढतेस. छान काम शिकतेस, मग तुला सगळं कळतं, मग निघतेस. पण तूच एक अशी आहेस, ठमी, की पुन्हा दारातून हसत येतेस. पहिल्यांदा आल्यासारखी. मला तेवढंच लागतं."

मी म्हटलं, मी मरेन एखाद्या फिटमध्ये.

म्हणाल्या, मी आहे ना. मी वेळ मोजते.

आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं. हे लिहायलाच हवं, कारण त्या दुष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

१ नोव्हेंबर

तीन झाल्या. की चार. उजवा हात नीट—

उद्या दोन तारीख. डॉक्टरांना फोन. फोन खाली आहे. जिन्याच्या तेरा पायऱ्या. बाई जिन्यातच खुर्ची टाकून बसल्यात, विणतायत.

ओतायला ठेवलेल्या साच्याच्या तळावर लिहायला हवं. तो आधी कवळीबरोबर बाहेर जातो. दातांच्या दवाखान्यात कुणीतरी तळ उलटून बघेल. टाचणी कुठे—

२

टाचणी मिळाली. खाली जाता आलं नाही. प्लास्टर खाली आहे.

वाचणारीने, म्हणजे मीच, तू—पहिलं पान वाचू नकोस, शेवटून वाच. शेवटून. गोळ्या गिळू नकोस. बाई छान वागतील, त्या छानच वागतात, तेव्हा

परत येतंय, पोटातून, हे सगळं आधी

*

तारीख माहीत नाही. सहा आहे म्हणे.

जाग आली. तोंडात रक्ताची चव आहे आणि जीभ जाड झालीय. खिडकीत कुंडी. समोर औषधाचं दुकान आहे, बरं झालं, सोयीचं.

ही वही उशीच्या आत टोचत होती. माझीच असणार, अक्षर माझं आहे. मागे बरंच लिहिलंय पण ओळी हलतात, वाचायला लागलं की मळमळतं. उद्या वाचेन.

उशाशी एक बाई बसल्या आहेत, केस घट्ट बांधलेले. त्यांनीच मला सांभाळलं, म्हणाल्या. किती स्वच्छ हात आहेत त्यांचे. त्यांनी विचारलं काय लिहिते आहेस. मी म्हटलं मला नीटसं माहीत नाही. डोळ्यांना त्रास देऊ नकोस, म्हणाल्या, आण इकडे, मी वाचून दाखवते. मी म्हटलं एवढं वाक्य पुरं करते आणि देते. त्या हात पुढे करून थांबल्या आहेत, अजिबात घाई करत नाहीत, आणि मी त्यांना वही